चाले

अक्राचं कोर्ट, खोली नंबर सहा.
वीज गेलेली, पंखा मान टाकून,
आणि पिंजऱ्यात नी ओकाइतेई, कोळी,
बोटीचं चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन चोरल्याचा आरोप.

फिर्यादी एबो क्वान्सा सांगतो:
मंगळवारी पहाटे हा माझ्या होडीपाशी होता.
मंगळवारी! जेव्हा कुणी जाळं टाकत नाही,
त्या दिवशी समुद्राला सुट्टी असते.
मी बॅटरी मारली तोंडावर,
तर हा नुसता म्हणाला, "चाले."

मॅजिस्ट्रेटबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघतात.
बावीस वर्षं मी गा भाषेतून इंग्रजीत
लोकांची भांडणं वाहून नेतोय.
वाटेत थोडी सांडतात, हिशेब कुणी मागत नाही.
"दुभाषे, अर्थ सांगा."

माझा बाप म्हणायचा, गोऱ्यांच्या फौजेत एक चार्ली होता,
किंवा सगळेच चार्ली होते.
ते आपल्या पोरांना तशी हाक मारायचे, पोरं त्यांना.
गोरे जहाजात बसून गेले, हाक किनाऱ्यावर राहिली.
खरं-खोटं त्या मेलेल्यांना ठाऊक.

चाले म्हणजे मित्रा. शाळेच्या वहीत एवढ्यावर भागेल.
पण ट्रोट्रोचा किन्नर सुट्टे नाहीत म्हणून
नजर चुकवत पुटपुटतो, तेही चाले.
गोल हुकला की अख्खं मैदान एका श्वासात, चाले.
नाआ आजोर्कोर केंकीचं पान सोलते,
मासा ठेवते, तिखटाचा चमचा हवेत धरून विचारते, चाले?
आणि उधारी तुंबलेला दिसला की तीच, चमचा खाली ठेवून,
शेवटचा एकार ताणत: चालेऽऽ.
हवालदार गाडी अडवून म्हणतो, हळू, जवळजवळ प्रेमानं.
माझी बायको म्हणाली होती एकदाच,
दवाखान्याच्या पायऱ्यांवर, रिपोर्टची घडी घालत.
तो मी अजून कुठल्याच भाषेत नेलेला नाही.

रबरी चपलेलासुद्धा आम्ही चाले वोते म्हणतो:
गड्या, चल, निघू.
पायात सरकवायची की झालं.
शब्द चाले, शब्द अडे,
अंगठ्याचा पट्टा तुटला की फरफटत घरी येई.

तर त्या पहाटे, बॅटरीच्या उजेडात काय होतं ते?
मित्रा, सापडलो?
मित्रा, गप्प बस?
अरे, तू होय, मला वाटलं चोर?
की, पोर तापानं फणफणलंय, तुला तर ठाऊक आहे?

मी एबोला विचारलं, स्वर कसा होता.
त्यानं म्हणून दाखवलं. मान हलवली. पुन्हा म्हटलं.
दोन्ही वेळा वेगळाच निघाला,
आणि तिसऱ्यांदा त्याचा आवाज बसला.
ही दोघं एकाच होडीत पोहायला शिकली,
हे कागदपत्रांत कुठेच नव्हतं.

"वेळ जातोय," बाई म्हणाल्या.
शब्द त्यांनाही माहीत आहे. परवा जिन्यात
सँडलचा बंद तुटला, तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या.
पण खुर्चीत बसलं की तो माहीत नसावा लागतो.
मी म्हणालो, "मित्रा."
टायपिस्टनं तो इंग्रजीत बडवला आणि ओळ बदलली.
पुढची तारीख पडली.

बाहेर कडुनिंबाखाली एकच बाक.
जामिनावर सुटलेला एका टोकाला, फिर्यादी दुसऱ्या,
तोंडं उलट्या दिशांना.
मी समोरून जाताना नी ओकाइतेई म्हणाला, "चाले."
मला वाटलं मला. आभार असतील, किंवा शिवी.
मी थबकलो, काहीतरी बोलणार,
तोवर एबोनं उत्तर दिलं होतं,
न वळता, तोच शब्द,
आणि नी ओकाइतेईनं बाकावर थोडं सरकून
मधली पिशवी खाली ठेवली.

दुभाष्या कुणी मागितला नाही.